इंधन किती वाचलं ते नंतर सांगा, आधी वायर उपटून दाखवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुख, प्रकल्प मार्गदर्शक आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी

विषय: हलक्या विमानाच्या इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण या प्रकल्पाची मंजुरी आणि गुणांकन

स. न. वि. वि.

होटगी रस्त्याच्या विमानतळावरून २०२५ मध्ये नियमित विमानसेवा पुन्हा सुरू झाली. विमानाशी नातं सांगणारे प्रकल्प घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. त्यातला एक विषय आमच्या रोजच्या कामाचा: हलक्या विमानाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर काढायचा, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) बसवायचा आणि तासाला किती पेट्रोल वाचलं ते मोजायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि दुचाक्याही इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, पंप, सेन्सर हे सगळं आज साध्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. खर्च आवाक्यातला आहे आणि शिकायला भरपूर आहे. विषय जरूर घ्यावा.

आक्षेप आहे तो मांडणीला. अशा प्रकल्पाच्या सिनॉप्सिसमध्ये मॅपिंग (कोणत्या वेगाला-भाराला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी, याचा ईसीयूतला तक्ता भरणं) आणि इंधनबचत यांना पानंच्या पानं मिळतात आणि वीजपुरवठ्याला एक ओळ: ‘१२ व्होल्ट बॅटरीवरून’. इंजिन बंद पडतं ते या ओळीपाशी. म्हणून आमची मागणी अशी आहे की वीजपुरवठा, सेन्सरचे बिघाड आणि इंधनाची वाट यांची परीक्षा आधी घ्यावी, ती पार पडल्याशिवाय मॅपिंगला हात लावू देऊ नये, आणि निम्मे गुण या भागाला ठेवावेत.

कार्ब्युरेटरवर चालणारं रोटॅक्स ९१२ हे हलक्या विमानाचं इंजिन बघा. दोन बिंग कार्ब्युरेटर, इंजिनावरच चालणारा यांत्रिक पंप, आणि इग्निशनची वीज इंजिनातल्या स्वतंत्र कॉइलमधून. चालू इंजिनाची बॅटरी बसली तरी ते चालत राहतं. ईसीयू आला की पंप, इंजेक्टर आणि ठिणगी तिन्ही एकाच विजेवर येतात, आणि ती गेली की तिन्ही एकदम जातात. मोटारवाला गाडी कडेला घेतो. विमानात ती सोय नसल्यामुळे वीजपुरवठा हा इंजिनाचाच भाग धरावा लागतो, क्रँक आणि पिस्टनच्या पंक्तीतला.

४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर इथे डायमंड डीए४२ या दोन इंजिनांच्या विमानाचं काय झालं, ते प्रत्येक गटाने मुळातून वाचावं. डिझेल इंजिनं, पूर्ण डिजिटल नियंत्रण, दर इंजिनाला दोन ईसीयू. विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून इंजिनं बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू केली गेली. उड्डाणानंतर चाकं वर घेतली, त्या यंत्रणेच्या मोटरने करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर खचलं, ईसीयू रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकाच वेळी थांबली. जीवितहानी झाली नाही, एवढं नशीब. यात एकही ईसीयू बिघडलेला नव्हता, इंजिनं तर ठणठणीत होती. चारही ईसीयू एकाच खचणाऱ्या व्होल्टेजवर उभे होते. ‘दोन ईसीयू बसवले, म्हणजे सुरक्षितता दुप्पट’ असं वाक्य अहवालात दिसलं की मार्गदर्शकांनी समासात ‘श्पायर’ एवढंच लिहावं.

नीट केलेलं काम कसं दिसतं, त्याचा नमुनाही उपलब्ध आहे. २०१२ मध्ये आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएसमध्ये नियंत्रणाचे दोन स्वतंत्र चॅनेल आहेत, दर सिलिंडरला दोन इंजेक्टर आणि दोन प्लग, दोन इलेक्ट्रिक पंप, आणि इंजिनातच दोन जनरेटर. एक जनरेटर फक्त इंजिनाच्या नियंत्रणाला वाहिलेला असतो, दुसरा विमानाच्या बाकी उपकरणांना. पहिला गेला तर दुसरा आपोआप इंजिनाकडे वळतो आणि उपकरणं बॅटरीवर राहतात. आधी इंजिन, मग रेडिओ आणि दिवे, हा क्रम फ्यूज बॉक्सच्या रचनेतच पक्का केलेला आहे. वैमानिकाच्या आठवणीवर सोडलेला नाही. एनएएल या सरकारी संशोधन संस्थेचं हंसा-एनजी हे प्रशिक्षण विमान याच मालिकेतल्या इंजिनावर ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं. विद्यार्थ्यांनी त्या वीजपुरवठ्याची आकृती हाताने काढून भिंतीवर लावावी आणि मग स्वतःची सर्किट काढायला बसावं.

दुचाकीचा ईसीयू जसाच्या तसा उचलू नका. तो बनवणाऱ्यांनी उत्तम बनवलाय, पण दुचाकीसाठी. बऱ्याच मॉडेलांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा कलंडण्याचा सेन्सर असतो. विमान समतोल वळण घेतं तेव्हा हा सेन्सर फसत नाही, कारण गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून भार विमानाच्या तळाच्या पत्र्याकडेच राहतो; पण साइडस्लिपमध्ये (विमान आडवं घसरतं तेव्हा) किंवा वाऱ्याच्या झटक्यात काय करेल याची हमी नाही. तो काढून टाकला तर अनेक ईसीयू बिघाड समजून इंजिनच सुरू करत नाहीत. शिवाय साइड स्टँडचा स्विच, किल्लीचा इमोबिलायझर, ठरलेल्या आरपीएमला झटक्यात इंधन तोडणारा लिमिटर. सर्वांत घातक म्हणजे बिघाड दिसला की ताकद कमी करून ‘घरी पोहोचा’ म्हणणारा मोड. रस्त्यावर तो शहाणपणाचा आहे. धावपट्टी संपत आली असताना सेन्सर गेला तर हवं असतं नेमकं उलट: दिवा लावा, मिश्रण थोडं जाड करा (पेट्रोल वाढवा), पण ताकद देत राहा. म्हणून ज्याचा प्रोग्रॅम आपल्याला वाचता आणि बदलता येतो असाच ईसीयू घ्या. इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, कॉइल दुचाकीची चालतील.

आता विजेचा हिशोब. चार सिलिंडरच्या, साधारण १३५० सीसीच्या इंजिनाला ३ बार दाबाचा पंप ५ अँपिअर घेतो, १२ ओहमचे चार इंजेक्टर पूर्ण भारावर मिळून २, कॉइल ४, ईसीयू आणि सेन्सर दीड. बेरीज साडेबारा. जनरेटर गेल्यावर अर्धा तास चालायचं तर सव्वासहा अँपिअर-तास लागतात. इथे हमखास यूपीएसची ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणली जाते आणि हिशोब फसतो. तिच्यावरचा ७ हा आकडा २० तासांच्या संथ वापराचा आहे, म्हणजे ०.३५ अँपिअरचा. साडेबारा अँपिअर ओढले तर ती अर्ध्या तासाच्या खूप आधी मान टाकते, उन्हात म्हातारी झालेली असेल तर आणखी लवकर. लेड-ॲसिड घ्यायची तर १४ एएच धरा. लिथियम आयर्न फॉस्फेट १० एएचची पुरते, पण तिच्या पोटातला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) तपासा. गरम झालं, जास्त करंट गेला किंवा व्होल्टेज उतरलं की तो सूचना न देता बॅटरी तोडतो. आणि चालू जनरेटरवरून बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूचा इनपुट जाळतं. तिथे उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड आणि १६ व्होल्टला तोडणारं संरक्षण हवंच.

दोन पुरवठे एकत्र आणायचे ते शॉट्की डायोडमधून (तो वीज एकाच दिशेला जाऊ देतो), म्हणजे एक खचला तरी दुसऱ्याला ओढत नाही. डायोडवर ०.४५ व्होल्ट पडतात, साडेबारा अँपिअरला साडेपाच वॅटच्या वर उष्णता होते. हीट सिंकशिवाय लावलेला डायोड काही मिनिटांत हात लावू देत नाही. दोन्ही वाटा डायोडच्या पुढे कुठेही एका फ्यूजमधून, एका रिलेमधून किंवा एका थिंबलखालून (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोपीखालून) जाता कामा नयेत. आमच्या मते पहिलं परीक्षण याचंच व्हावं: आकृतीवर लाल पेन घेऊन बॅटरीपासून इंजेक्टरपर्यंत जायचं आणि जिथे एकच वस्तू तुटल्याने दोन्ही वाटा मरतात तिथे फुली मारायची. एक फुली जरी उरली तरी आकृती परत.

तारेची जाडीही बघा. १ चौरस मिलिमीटरची दोन मीटर तांब्याची तार साडेबारा अँपिअरला ०.४ व्होल्टच्या वर खाते, परतीच्या तारेत तेवढेच आणखी. इंजेक्टरला उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजवर असतो: १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद, १० व्होल्टला त्याच्या दीडपट-दुप्पट. ही भरपाई ईसीयूत भरली नाही तर व्होल्टेज उतरताच मिश्रण पातळ होतं. आयडलला पल्सच जेमतेम अडीच मिलिसेकंदांचा असतो, तिथे इंजिन लगेच मरतं.

जोडकामाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाची पॅनेलं अप्रतिम बांधणारे वायरमन आहेत, त्यांच्याकडून विद्यार्थ्यांनी जरूर शिकावं. पण पॅनेल भिंतीला असतं आणि इंजिन थरथरतं. टोकाला डाग मारलेली तार डाग संपतो तिथे ताठ होते आणि तिथेच तुटते. म्हणून डाग नको. योग्य मापाच्या पकडीने दाबलेलं थिंबल, त्यावर श्रिंक स्लीव्ह, आणि जोडापासून चार-पाच सेंटीमीटरवर तारेला आधार. इंजिनाच्या बाजूला पीव्हीसी तारही नको.

यानंतर सोलापूरची हवा. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर. मे महिन्यात ४३ अंश असताना इथल्या हवेची घनता प्रमाण हवामानातल्या साधारण १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी होते. म्हणजे इंजिनाला सातवा हिस्सा हवा कमी मिळते. कार्ब्युरेटरला हवेचं तापमान कळत नाही, ईसीयूला कळतं, आणि त्याची खरी कमाई इथे आहे. मात्र त्याला खरं तापमान कळलं पाहिजे. उन्हात इंजिन बंद करून वीस मिनिटं ठेवलं की काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) भट्टी होते, ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात) पिळलेला हवेचा सेन्सर धातूचं तापमान सांगू लागतो. हवा ४५ अंश असताना सेन्सर ६५ सांगत असेल तर ईसीयू हवा सहा टक्के कमी धरतो आणि तेवढंच पेट्रोल कमी देतो. तेही पूर्ण ताकदीच्या वेळी, जेव्हा इंजिन थंड ठेवायला जादा पेट्रोल हवं असतं. सेन्सर प्लास्टिकच्या एअरबॉक्समध्ये, उघड्या टोकाचा बसवा. ईसीयू फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या आडभिंतीच्या) केबिनकडच्या बाजूला. त्यातले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ते झाकण उघडून वाचा. ८५ चे असतील तर बदला.

त्याच गरम काउलिंगखाली पेट्रोल उकळतं, आणि इथे आपल्याच जिल्ह्याच्या उसाचा प्रश्न येतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं (ई२०). रोटॅक्स ९१२ मालिकेला निर्मात्याची परवानगी १० टक्क्यांपर्यंतच आहे, हे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहावं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला मॅप ई२० वर आठ-नऊ टक्के पातळ चालतो. आकड्यात बघा: एका सिलिंडरचे ३३८ सीसी, मॅनिफोल्डमध्ये ९० किलोपास्कल, हवा ४५ अंश, भरण ८५ टक्के धरलं तर एका घोटात ०.२८ ग्रॅम हवा. पूर्ण ताकदीला, म्हणजे लॅम्डा ०.८७ ला (पेट्रोल पुरतं जाळायला लागणाऱ्या हवेच्या ८७ टक्के हवेला), शुद्ध पेट्रोल २२ मिलिग्रॅम लागतं, ई२० चोवीस. मिनिटाला १८० मिली देणारा इंजेक्टर पहिल्याला १० मिलिसेकंद उघडतो, दुसऱ्याला ११ च्या जवळ. ५५०० आरपीएमला दोन फेऱ्यांना २१.८ मिलिसेकंद मिळतात, तेव्हा हा इंजेक्टर दोन्हीला पुरतो. प्रश्न फक्त टाकीत काय आहे ते ईसीयूला ठाऊक आहे का, हा.

टाकीत काय आहे ते तुम्ही मोजू शकता. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर तो २५ च्या आसपास किंवा पुढे जातो. प्रत्येक चाचणीआधी हा आकडा वहीत लिहा. वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या पेट्रोलवरच्या आकड्यांची तुलना करून बचत सांगण्यात अर्थ नाही. आणखी एक: साध्या पेट्रोलमध्ये पाणी तळाशी थेंब होऊन दिसतं, ई२० ते काही प्रमाणात पोटात घेतं आणि थंड झाल्यावर एकदम सोडतं. तळातून नमुना काढून ‘स्वच्छ आहे’ म्हणण्याची सवय इथे दगा देते. साधा नायट्राइल रबरचा पाइप ई२० ने फुगतो, फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ पडतं. व्हिटॉन किंवा पीटीएफई वापरा, क्लिप इंजेक्शन दर्जाचे.

पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा, म्हणजे तोंडाशी पेट्रोलचा दाब राहतो आणि वाफ धरत नाही. पंपाआधी मोठ्या जाळीची गाळणी, पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. उलटं केलं की पंप उपाशी मरतो. इंजेक्टरला लागतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल परतीच्या नळीने माघारी जातं. ती नळी ज्या टाकीतून उचल आहे त्याच टाकीत जायला हवी. दोन टाक्या असतील तर निवडीचा कॉक उचल आणि परत दोन्ही एकत्र फिरवणारा हवा, नाहीतर डाव्या टाकीतून ओढून उजवी ओसंडते. गरम इंजिन सुरू करण्याआधी पंप दहा-पंधरा सेकंद नुसता फिरवा, रेलमधली वाफ परतीने निघून जाते.

सेन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो अर्थिंगवर. मॅनिफोल्डचा दाब मोजायला टर्बो गाडीचा २५० किलोपास्कलचा सेन्सर सहज मिळतो म्हणून तोच लावला जातो. त्यात एका व्होल्टला ५४ किलोपास्कल. अर्थमध्ये १०० मिलिव्होल्टचा फरक पडला तर चूक साडेपाच किलोपास्कलची. ५५ किलोपास्कलवर क्रूझ (स्थिर वेगाचं उड्डाण) करताना ती दहा टक्के झाली. ११५ चा सेन्सर घेतला तर तीच चूक निम्म्याहून कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाला त्याहून जास्त लागतच नाही. सेन्सरची अर्थ ईसीयूच्या सेन्सर अर्थवरच न्या, इंजिन ब्लॉकवर नको. कॉइलची अर्थ हेडवर. आणि ईसीयूची जाड अर्थ थेट बॅटरीला. दाबाचा सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा उंच, तोंड खाली करून लावा, नाहीतर नळीत पेट्रोल साचतं आणि ईसीयूला तळ्यातलं पाणी मोजायला लावल्यासारखं होतं.

क्रँकचा सेन्सर एकच असेल तर सगळा प्रकल्प त्याच्यावर लटकलेला असतो. दोन लावा, दोन वेगळ्या तारा, दोन वेगळे कनेक्टर. चुंबकीय सेन्सरच्या दोन तारा उलट्या झाल्या तरी इंजिन चालतं, मात्र टायमिंग सरकतं आणि वेग वाढेल तशी चूक बदलते. म्हणून टायमिंग लाइट एका नाही, तीन वेगांना मारून बघा. शील्डची अर्थ एकाच टोकाला. कॉइलच्या तारेपासून दीडशे मिलिमीटर दूर. लॉगमध्ये क्रँकच्या चाकाचा दात चुकल्याची नोंद अर्ध्या तासात शून्य आली पाहिजे. ‘दोनच वेळा चुकला’ चालणार नाही.

एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरवर आंधळा विश्वास नको. एका सिलिंडरची ठिणगी चुकली की न जळलेला प्राणवायू एक्झॉस्टमध्ये येतो, सेन्सर ‘पातळ’ म्हणतो, आणि ईसीयू चारही सिलिंडरना जादा पेट्रोल देतो. रोग एकाला आणि औषध सगळ्यांना. मॅपिंगसाठी लॅम्डा वापरा. चालू इंजिनात दुरुस्तीचा अधिकार द्यायचाच तर पाच टक्क्यांपुरता. एव्हगॅस १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं हा सेन्सर मारतं, ते वेगळंच.

बचतीबद्दल थोडक्यात. ती टेकऑफला मिळत नाही, क्रूझला मिळते. ठरावीक पिचच्या (पात्यांचा कोन पक्का असलेल्या) प्रोपेलरला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते: ५५०० ला पूर्ण धरली तर ५००० ला साधारण ७५ टक्के, ४३५० च्या आसपास निम्मी. मोजणी याच रेषेवर करा. भार नसलेल्या इंजिनाचं मायलेज कुणाच्या कामाचं नाही. पेट्रोल वजनाने मोजा: कॅन काट्यावर, परतीची नळी त्याच कॅनमध्ये, दर मोजणी तीन मिनिटांची, आणि उत्तर ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात. क्रूझला लॅम्डा १.०५ च्या आसपास नेताना आग संथ होते, म्हणून टायमिंग दोन-चार अंश पुढे घ्यावं लागतं. मिश्रण पातळ करून टायमिंग तसंच ठेवलं की बचत जाते ती एक्झॉस्टच्या उष्णतेत. त्याआधी चारही इंजेक्टर ३ बारला एक मिनिट मोजपात्रांत चालवून बघा. आपसांत दोन-तीन टक्क्यांहून फरक असेल तर बदला, कारण मॅप सगळ्यात पातळ सिलिंडरला सांभाळून करावा लागतो आणि बाकी तिघांचं पेट्रोल फुकट जातं.

आता परीक्षा. इंजिनाआधी टेबलावर: दातांचं चाक ड्रिलवर फिरवून ६० पासून ६००० आरपीएमपर्यंत ठिणगी आणि इंजेक्टर तपासा. ईसीयू ७० अंशांच्या पेटीत दोन तास चालू ठेवा. मग इंजिनावर: व्होल्टेज खचवायला महागडं उपकरण लागत नाही. हेडलाइटचे एच४ हॅलोजन आठ बल्ब एका स्विचवर समांतर लावा. पेटल्यावर ते ३७ अँपिअर घेतात, पण थंड तारेचा रोध दहाव्या हिश्शाच्या आसपास असल्याने स्विच दाबण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढतात. डीए४२ च्या चाकांनी केलं तेच हे. बॅटरी मुद्दाम अर्धी उतरवून, इंजिन चालू ठेवून, हा स्विच वीस वेळा दाबा. ईसीयूच्या ५ व्होल्टवर ऑसिलोस्कोप ठेवा. ते एकदाही खचलं तर पुढे जायचं नाही.

मग ४००० आरपीएमला एकेक सेन्सर उपटा आणि तक्ता भरा: कोणती तार, आरपीएम कितीने पडले, कोणता दिवा लागला, चालवणाऱ्याने काय करायचं. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर उपटला की रोध अनंत होतो, ईसीयूला तो उणे ४० अंश वाटतो, आणि तो पेट्रोल ओतून इंजिन बुडवतो. तिथे पर्यायी आकडा ८० अंश भरलेला हवा. हवेच्या सेन्सरला पर्यायी आकडा पुस्तकात २० असतो, सोलापूरला ४० भरा. दाबाचा सेन्सर गेला तर थ्रॉटल आणि आरपीएमच्या तक्त्यावर जायला हवं, आणि तो तक्ता खरोखर भरलेला असावा. बहुतेक ठिकाणी कंपनीने दिलेले मूळ आकडेच तसेच पडलेले असतात. तुटलेली तार सोपी असते. अर्धवट जोड जास्त छळतो, म्हणून प्रत्येक सेन्सरच्या तारेत एक किलोओहमचा रोध घालूनही तीच परीक्षा घ्या. शेवटी मुख्य पुरवठा तोडा, मग पहिला ईसीयू, मग ५ वॅटचा व्हीएचएफ हँडसेट तारांच्या जुडग्याजवळ धरून बोला.

बाकी सुरक्षिततेचं. प्रोपेलरच्या पातळीत कुणी उभं राहायचं नाही, जाळी असली तरी. पेट्रोलचा कॉक आणि इंजिन तोडायचा स्विच जाळीच्या बाहेर, सहा किलोचं अग्निशामक हाताशी. बाकावर आरपीएम शून्य झाल्यावर पंप दोन सेकंदांत आपोआप बंद व्हायला हवा. हीच सोय विमानात मात्र उलटते: क्रँकचा सेन्सर क्षणभर चुकला की पंपही जातो. हा फरक कळला की नाही, हे तोंडी परीक्षेत विचारायला चांगला प्रश्न आहे.

हे सगळं झालं तरी ते जमिनीवरच राहील. प्रमाणित इंजिनात साधा पाइपही मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय असं इंजिन कुठल्याही उडणाऱ्या सांगाड्यावर चढवायचं नाही, मायक्रोलाइटवरही नाही. प्रमाणित विमान इंजिनाला १५० तासांची टिकाऊपणाची चाचणी द्यावी लागते. तुमच्या दहा-वीस तासांच्या धावण्यावरून अहवालात ‘विमानासाठी योग्य’ असे शब्द येऊ देऊ नका. ‘चाचणी बाकावरील प्रात्यक्षिक’ एवढंच लिहा. हलक्या क्रीडा विमानांच्या इंजिनांसाठीचं एएसटीएम एफ२३३९ ग्रंथालयात मागवून घ्या, त्यातल्या अपेक्षांशी आपला तक्ता ताडून पाहता येईल.

प्राचार्यांकडे आमचं मागणं तीन गोष्टींचं. विषय मंजूर करताना मेकॅनिकलच्या गटात इलेक्ट्रिकलचा किमान एक विद्यार्थी सक्तीने घ्या, वायरिंग शेवटच्या आठवड्यात बाहेरून करून घेण्याचा प्रकार त्याने थांबेल. पहिलं सत्र वीजपुरवठा आणि टेबलावरच्या चाचण्यांना, दुसरं इंजिनाला, असं वेळापत्रक ठेवा. आणि अंतिम परीक्षेला येणाऱ्या बाह्य परीक्षकाला विद्यार्थ्यांनी भरलेला बिघाडांचा तक्ता हातात द्या. त्याने त्यातली कुठलीही ओळ निवडावी, चालू इंजिनाची ती तार स्वतः ओढावी आणि तक्त्यात लिहिलंय तेच होतं का ते बघून गुण द्यावेत.

आकृती तपासायला आणि बल्बांचा बाक उभा करायला आम्ही विनामोबदला येऊ. बोलावताना फक्त सर्किटची ताजी प्रत तयार ठेवा.

आपले,
इंजिन नियंत्रण, वायरिंग आणि विमान देखभालीच्या कामातली काही मंडळी,
सोलापूर